आधी सांगायचं होतं

खेमसिंग नाईकाचा तांडा,
१० ऑगस्ट १९६०

सोनी,

हे पत्र तुला विमलताई वाचून दाखवणार, तेव्हा पहिला रामराम त्यांना. ताई, तुमचं कार्ड पोचलं. माझी बहीण आणि तिचा नवरा किसनसिंग राजूरला कोळशाच्या खाणीवर आहेत, तुमच्या शेजारी राहतात, हे त्यावरूनच आम्हाला कळलं. पाच महिने काही ठावठिकाणा नव्हता. तुमचं अक्षर वळणदार आहे. मी मास्तरकी करतो, मला मजकुराआधी अक्षर दिसतं, राग मानू नका.

सोनी, याडी बरी आहे. (ताई, आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.) गुडघे धरलेत, जिभेला मात्र काही झालेलं नाही. कपाशी कमरेला लागली. तुझी काळी शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. राखीच्या दिवशी याडीनं तुझ्या नावाचा दोरा माझ्या मनगटावर बांधला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी तो सोडून खिशात ठेवला. शाई लागेल म्हणून.

जे झालं ते झालं. होळीच्या दिवशी किसनसिंगनं नाईकाच्या (ताई, नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख) मुलाच्या, बाबुलालच्या डोक्यात काठी घातली. साऱ्या तांड्यानं पाहिलं. त्यावर नसाब बसला, म्हणजे आमची पंचायत, ताई, आणि नसाबनं त्याला तांड्याबाहेर काढलं. मी फक्त लिहून घेतलं. तांड्यात लिहिता येणारा मी एकटा, दुसरं कोण लिहिणार? तू जाताना माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस, ते मला लागलं.

बाबुलालची जखम भरली. एका कानानं कमी ऐकतो, एवढंच. नाईकाचा राग निवला आहे. किसनसिंगनं एकदा येऊन त्यांचे पाय धरले की सगळं मिटेल. त्याचा तो आजार आता कसा आहे, ते कळव.

तुझा भाऊ,
हरिसिंग


तांडा,
४ सप्टेंबर १९६०

विमलताई,

या खेपेला तुम्हालाच लिहितो. तुम्ही लिहिलंत, "सोनीबाई ऐकून घेतात, बोलत नाहीत. किसनसिंगभाऊ आतल्या खोलीत असतात, पण मधली भिंत तट्ट्याची आहे, त्यांना ऐकू जातं. आजार म्हटलेलं त्यांना आवडलं नाही. पाय धरायला ते येणार नाहीत. नेमकं काय झालं ते तुम्हीच लिहा." बरं, लिहितो.

गेल्या पौषात मोहदरीच्या बाजारात दंगल झाली. वेगळं राज्य पाहिजे म्हणणारे एकीकडून आले, एकच राज्य पाहिजे म्हणणारे दुसरीकडून. दोघांच्याही मोर्च्यापुढे डफडी. तांड्याला राज्याचं काय? आमचे लोक डिंक आणि तुरी विकायला बसले होते. आधी दगड आले, मग कापडाची दुकानं पेटली, मग पोलिसांची गोळी. किसनसिंग एका उलटलेल्या बैलगाडीखाली शिरला. तिथं एक अनोळखी माणूस गोळी लागून पडला होता, तो त्याच्यासमोर मेला. वर डफडं कितीतरी वेळ वाजत राहिलं. दुपार कलल्यावर किसनसिंग सरपटत बाहेर आला. एकटाच.

मी त्या वेळी बाजारात नव्हतो. मोहदरीच्या हेडमास्तरांकडे चहा पीत बसलो होतो.

तेव्हापासून किसनसिंग दाराकडे पाठ करून बसेना. मागून कुणी आलं की हात उगारायचा. लोक म्हणाले, त्याचं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर त्याच्या एकट्याचं नाही, तांड्याचंच काहीतरी बिघडलं होतं. हंसाबाई भाकरी तव्यावर टाकून उठते आणि पोरं मोजून येते. तीन पोरं, ती तरी कितीदा मोजायची? भाकरी जळते, नवरा ओरडतो, ती पुन्हा मोजते. खेमसिंग नाईकासारखा माणूस बाजारला जात नाही, मीठमिरची दुसऱ्याकडून मागवतो आणि म्हणतो, पाय दुखून राह्यले. पोळ्याला यंदा बैलांपुढे डफडं नव्हतं. कुणी नको म्हटलं नाही, कुणी आणलंच नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, मले काही नाही झालं, त्या अमक्याले झालं.

मला काही झालेलं नाही. परवा शाळा तपासायला साहेब आले असता एका पोराची पाटी फरशीवर पडली आणि साहेबांनी पाहिलं तर मी टेबलाखाली. मी म्हटलं, खडू शोधतो. साहेब हसले, मीही हसलो. खडू माझ्या हातातच होता.

हा शेवटचा भाग सोनीला वाचून दाखवू नका.

आपला,
हरिसिंग


तांडा,
३० ऑक्टोबर १९६०

सोनी,

विमलताईंनी ते वाचून दाखवलंच. त्या लिहितात, "मला अर्धं वाचता येत नाही, सगळं तरी वाचते नाहीतर काहीच नाही." मोठ्या खमक्या बाई आहेत. माझ्या शाळेत असत्या तर मीच त्यांना घाबरून राहिलो असतो.

आणखी एक त्यांनी लिहिलं, ते मी चार वेळा वाचलं. त्यांचे यजमान धर्मपाल आणि किसनसिंग एकाच पाळीत खाली उतरतात. खाली सुरुंग उडतात. मी तर वाचूनच गार झालो. जो माणूस पातेलं पडलं तरी उठून उभा राहायचा, तो सुरुंगाजवळ काम कसा करतो? ताई म्हणतात, सुरुंग उडवायच्या आधी एक माणूस मोठ्यानं ओरडून सांगतो. किसनसिंगभाऊ म्हणतात, "आधी सांगतलं का मंग मले काही होत नाही."

सोनी, हे वाचल्यावर मला जेवण गेलं नाही.

दिवाळीला मुली दिवे घेऊन घरोघरी मेरा म्हणत फिरल्या, दरवर्षीसारख्या. (ताई, मेरा म्हणजे दिवाळीला आशीर्वाद मागायचं गाणं.) तेवढ्यात कुणाच्या तरी पाव्हण्यानं फटाका लावला. एकच. अख्खा तांडा जमिनीवर, नाईकसुद्धा. मुलींच्या हातातले दिवे पडले. मग सगळे उठले, धूळ झटकली आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हंसाबाई पोरं मोजायला गेली. मी लांब मारुतीच्या ओट्यामागे होतो. तिथं कसा पोचलो, ते मला आठवत नाही.

होळीच्या पाच दिवस आधी तू मला विहिरीवर गाठलं होतंस. घागर भरलेली डोक्यावर, आणि ती उतरवून न ठेवताच तू बोललीस. "भिया, डफ वाजवाचा असंन तं मले आधी सांगजो. मी त्यायले घेऊन नदीवर जाईन. दिसभर तिकडंच राहू. कोणाले सांगू नोको." मी म्हटलं, सांगतो. तू म्हटलंस, "विसरशील." मी म्हटलं, मी मास्तर आहे, विसरेन कसा. (ताई, भिया म्हणजे भाऊ.)

मी विसरलो नव्हतो, सोनी. आजवर मी याडीला सांगत आलो की विसरलो.

तुझा,
हरिसिंग


तांडा,
८ जानेवारी १९६१

विमलताई,

हे पत्र किसनसिंग घरी असताना वाचा. मोठ्यानं वाचा. त्याला आधी सांगा की वाचताय.

दंगलीला एक वर्ष झालं. मी हेडमास्तरांकडे चहा पीत नव्हतो. मी त्याच गाडीखाली होतो. किसनसिंगच्या पलीकडे, चाकाला चिकटून. तो मरणारा माणूस आमच्या दोघांच्या मधे होता. त्यानं पाणी मागितलं, आमच्याजवळ नव्हतं. डफडं वाजत होतं तोवर मी तोंडात सदरा कोंबून याडीला हाका मारत होतो आणि किसनसिंगनं त्या माणसावरून हात लांबवून माझं मनगट धरलं होतं. त्याच्या हातामुळे मी बाहेर पळालो नाही. पळालो असतो तर मेलो असतो.

बाहेर निघाल्यावर मी त्याला म्हटलं, तू एकटा होता म्हण. मी पोरांना रोज शिकवतो की भिऊ नका, मी गाडीखाली रडलो हे तांड्याला कळलं तर शाळेत कोण येईल? तो म्हणाला, "बरं." मग तो रस्त्यानं आला आणि मी नाल्यानं, फेरी मारून.

होळीच्या आधी नाईकांनी मला विचारलं, "मास्तर, यंदा डफ वाजवाचा का? लोकं दचकून राह्यले." मी म्हटलं, भीती ही सवय आहे, एकदा जोरात डफ वाजला की सुटते, मी पुस्तकात वाचलंय. असं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मला स्वतःलाच पाहायचं होतं, मी टिकतो का. टिकलो तर मला काही झालंच नाही, असं ठरणार होतं. सोनीला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, भिया, तुले नाही का होत काही? म्हणून सांगितलं नाही.

सकाळी बाबुलालनं डफ आगीवर शेकून आणला. शेकलेल्या डफाचा आवाज कसा फुटतो, सोनीला विचारा. बाया काठ्या घेऊन गेर खेळायला उभ्या होत्या, पुरुष लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणायला. किसनसिंग कडुनिंबाशी बसला होता आणि बाबुलाल त्याच्या पाठीमागून आला. पहिली थाप पडली. दुसऱ्या थापेला माझं धोतर ओलं झालं. मी, मास्तर, साऱ्या तांड्याच्या मधे उभा. आता लोक खाली पाहतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात किसनसिंगनं एका बाईच्या हातची काठी ओढली आणि डफावर मारली. ती डफावरून घसरून बाबुलालच्या डोक्याला लागली. सगळे तिकडे धावले.

आणि ताई, मला बरं वाटलं. बाबुलाल रक्तानं भिजला होता, माझी बहीण किंचाळत होती आणि मला बरं वाटलं, कारण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी घरी जाऊन धोतर बदललं आणि नसाबला वेळेवर पोचलो.

किसनसिंग घरजवाई. आमच्या तांड्यात त्याच्या बाजूनं बोलायला त्याचे भाऊबंद नाहीत. जो काय होता तो मी. नाईकांनी त्याला विचारलं, "काहून मारलं?" तो म्हणाला, "मले आधी सांगतलं असतं तं..." आणि माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. मग तो पुढं बोलला नाही. गाडीबद्दलही नाही. एका वाक्यात त्यानं मला आपल्याशेजारी उभं केलं असतं. नसाबनं मला एवढंच लिहायला सांगितलं होतं की त्याला बाहेर काढलं. "डोकं फिरलेला असल्यानं तांड्याला धोक्याचा" हे शब्द माझे आहेत. ते मला कुणी सांगितले नव्हते. वाक्य अपुरं दिसत होतं, म्हणून घातले.

आजारी मीही आहे. त्याच दिवसापासून, त्याच गाडीखालून.

हरिसिंग


तांडा,
१९ फेब्रुवारी १९६१

सोनी,

ताईंचं कार्ड आलं. किसनसिंग बाहेर येऊन बसला आणि सगळं ऐकलं म्हणे. मग म्हणाला, "त्याले लिहा, मी कोणाले सांगतलं नाही. आताही सांगणार नाही." तू उठून चुलीशी गेलीस आणि तिथून बोललीस, "त्यानं आधी सांगाचं होतं. येवढंच." अकरा महिन्यांनी तुझे शब्द मिळाले, तेही दुसऱ्याच्या अक्षरात. ते कार्ड पाकिटात घालून खिशात ठेवलंय, तुझ्या दोऱ्याशेजारी. दोरा शाईसाठी काढला नव्हता, मनगट तेच होतं, हे तुला कळलंच असेल.

काल नाईकांकडे गेलो. ते ओसरीत दोर वळत होते. मी उभ्यानंच म्हटलं, "नाईक, पौषात मी गाडीखाली होतो."

"मले ठाऊक हाय."

"कसं?"

"तुह्या सदऱ्याच्या पाठीवर वंगण होतं. हेडमास्तरच्या खुर्चीले वंगण रायते का?"

मी म्हटलं, "मंग नसाबात बोलले काहून नाही?"

त्यांनी दोराला पीळ दिला. "तांड्यात मास्तर एक. आन् मी वाट पाहून राह्यलो होतो, तू बोलशील म्हणून. तू लिहीतच गेला." दोर बाजूला ठेवून म्हणाले, "मले बी डफ नोको होता. तू म्हटलं पुस्तकात हाय."

घरी येऊन याडीला विचारलं. ती शेळीला पाला घालत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही. "तीनदा धुतला सदरा," म्हणाली. "वंगण निंगते का? मंग चुलीत घातला." म्हणजे ज्या दिवशी तुझा नवरा तांड्याबाहेर गेला, त्या दिवशी याडीला ठाऊक होतं. तिनं लेक सोडली आणि लेकाची अब्रू ठेवली. मी तिच्यावर ओरडणार होतो. पण अब्रू माझीच होती, ओरडू कोणत्या तोंडानं?

होळीच्या आधी नसाब बसवायला नाईकांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "बोलशील का खरंच?" मी हो म्हटलं. तू म्हणशील, विसरशील. बरोबर आहे.

हरिसिंग


तांडा,
५ मार्च १९६१

सोनी,

बोललो. गाडी, मनगट, चहा, विहीर, पुस्तक, धोतर, सगळं. धोतरावर दोघंतिघं हसले. मला वाटलं होतं सगळे हसतील. मग हंसाबाई, जी नसाबात कधी तोंड उघडत नाही, लांबून म्हणाली, "मास्तर, मी पोरं मोजते तं मले तीनाच्या जागी दोनच दिसते. रोज." तिचा नवरा मान खाली घालून बसला. नाईक म्हणाले, "माहे पाय नाही दुखत." बाबुलाल आपला बरा कान पुढं करून ऐकत होता. तो म्हणाला, "मले आधी सांगतलं असतं तं मी त्याच्या मांगून आलोच नसतो." आम्हाला काही नाही झालं, असं मात्र या वेळी कुणी म्हटलं नाही.

कागद फाडावा असं मला वाटत होतं. नाईक म्हणाले, "फाडू नोको. खाली लिही." मी खाली लिहिलं की किसनसिंगला तांडा मोकळा आहे, पाय धरायचे नाहीत, आणि धोक्याचा हा शब्द हरिसिंगनं पदरचा घातला होता. सगळ्यांनी अंगठे दिले. मला काय दंड, असं मी विचारलं. म्हातारे म्हणाले, "मास्तरले काय दंड करता? शाळा बंद पडंन." दुसऱ्याला तांडा सोडावा लागला आणि मला काहीच नाही. तेव्हापासून मान वर होत नाही.

रीतीप्रमाणे होळी पहाटे पेटवली. सकाळी डफ आणला नाही. लेंगी टाळ्यांवर म्हटल्या. फार वाईट झाल्या, सोनी. अर्धे पुढे, अर्धे मागे, म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. पण पुष्कळ महिन्यांनी लोक पाठीला पाठ लावून नाचले.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही परत यावं, असं मी लिहिणार नाही. ते तुमच्याकडे. मी येतो. ताईंनी लिहिलंय की किसनसिंगच्या मागून कुणी येत नाही, धर्मपालसुद्धा लांबून हाक मारतात. म्हणून आधी सांगतो. १९ तारखेला, रविवारी, उमरखेडहून यवतमाळ आणि तिथून वणी करत राजूरला उतरेन. दुपारच्या उजेडात येईन. डोक्याला लाल फेटा असेल, तुझ्या लग्नातला, म्हणजे लांबून ओळखू येईल. तुमच्या घरांच्या ओळीच्या टोकाला उभा राहून तीनदा हाक मारेन. किसनसिंगनं दार लावून घेतलं तर तिथूनच परत फिरेन, कुणी मला थांबवू नका. दार उघडं राहिलं तर हळूहळू येईन. मधे थांबत येईन.

समोरून येईन, सोनी. त्याला सांग.

हरिसिंग